एकाच व्यक्तीने वापरलेलं

४ जून

ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे काही लिहीत नाही. लिहिलं तर म्हणशील, धाकटी गोड बोलायला लागली म्हणजे काहीतरी मागायला आली. आज मागत नाही, आज नुसतं सांगते.

तू फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, पण कुरियर मात्र सही करून घेतेस. मागचं पाकीट पोचलं त्याची पोच मला आमच्या कुरियर ऑफिसच्या काउंटरवरच्या पडद्यावर दिसली, खाली तुझी ती शेपटीवाली सही. मला तेवढंही पुरलं. दिवसभर काउंटरवर येणाऱ्या माणसांशी मी नेहमीपेक्षा बरी वागले असं साहेबसुद्धा म्हणाले.

त्या पाकिटात मी लिहिलं होतं की आई 'ये' म्हणतेय. त्यावर उलट टपाली तुझी एक ओळ आली. 'हे तुझे शब्द आहेत. जिने येऊ नकोस म्हणून सांगितलं, तिने स्वतः ये म्हणू दे.' बरं बाई, घातलं होतं मी ते 'ये'. पदरचं घालून सांगायची माझी खोड तुला काही नवीन नाही. आई एवढंच म्हणाली होती, 'तिला पत्र टाकलंस का?' आता यातून 'ये' निघतं की नाही तूच सांग. मला निघालं.

ती म्हणते म्हणजे कसं म्हणते, ते तुला माहीत नाही. आवाज गेला, हात गेले, मान गेली. डोळे आहेत, आणि डोक्यात सगळं जागच्या जागी आहे. एक पारदर्शक प्लास्टिकचा चार्ट आहे, त्यावर अक्षरं आणि मात्रा. मी पलीकडे बसते, ती एकेका अक्षराकडे बघते, मी मोठ्याने वाचते, बरोबर असलं तर ती पापणी मिटते. एक वाक्य पुरं होईतो चहाचं पाणी आटून जातं. उशी, पंखा, औषध, सगळं असं चालतं. तुझ्याबद्दल मात्र त्या एका प्रश्नापलीकडे ती चार्टवर चकार शब्द काढत नाही. तुला ठाऊक आहे ती कशी आहे. बाबा गेल्यावर तू बॅग उचललीस तेव्हा 'जातेस तर परत येऊ नकोस' हे ती एकटीने बोलली. आता समेट करायला ती मध्ये दुभाषी बसवेल होय? आणि दुभाषी कोण, तर मी.

म्हणून मी मशीन घेतलं. एक जाड पडदा असतो, त्याच्या खाली काळी पट्टी, त्या पट्टीत बारीक कॅमेरे. ते बुबुळांवर नजर ठेवतात. ज्या अक्षराकडे टक लावून बघावं ते उमटतं आणि मशीन ते बोलून दाखवतं. मध्ये मी नाही, चार्ट नाही. तिचं ती आणि तुझं तू. नवीन घ्यायचं म्हणजे घर विकून त्या मशीनच्या खोक्यात राहायला जावं लागेल. वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर एक दिसलं. विकणाऱ्याने नाव लावलं होतं 'घरचा माल', आणि जाहिरातीत लिहिलं होतं, 'चालू स्थितीत. घरगुती वापर. एकाच व्यक्तीने वापरलेलं.' मला वाटलं, बघा, किती जपून वापरलं असेल.

खोकं माझ्याच काउंटरवर आलं. आता पुढे मी काय केलं ते ऐक, आणि हसू नकोस. आमच्याकडे नियम आहे, आधी सही, मग पार्सल. गिऱ्हाईक म्हणतं, उघडून बघतो नि मग सही करतो. आम्ही म्हणतो, नाही, आधी सही. इतकी वर्षं हेच घोकलंय. खोकं हातात आलं तशी माझ्या बोटांनी आपणहून मोबाईल काढला आणि साइटवरचं बटण दाबलं, 'माल मिळाला. समाधान आहे.' खोक्याची चिकटपट्टीसुद्धा अजून काढली नव्हती. पैसे त्या क्षणाला विकणाऱ्याच्या खात्यात गेले.

घरी आणून सुरू केलं. पडदा छान उजळला. आईचे डोळे असे चमकले, ताई, की मला तिच्याकडे बघवेना. मग त्यावर अक्षरं आली. 'या यंत्राचे लायसन्स दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे.'

कंपनीला फोन केला. लायसन्स यंत्राचं नसतं म्हणे, माणसाचं असतं. एकाच व्यक्तीने वापरलेलं, ते याच अर्थाने.

आई अजून त्या पडद्याकडे बघतेय. मी तिला सांगितलंय की उद्या होईल.

धाकटी


९ जून

ताई,

उद्या झालं नाही.

मी त्या घरच्या मालाला लिहिलं, मशीन चालत नाही, परत घ्या. तो लिहितो, 'माझ्याकडे चालत होतं.' मी लिहिलं, माझ्याकडे चालत नाही. तो लिहितो, 'माझ्याकडे चालत होतं.' भिंतीशी बोललं तर भिंत निदान गप्प तरी बसते.

मग साइटच्या तक्रार विभागाकडे गेले. तिथे माणूस नसतो. एक 'आपला मदतनीस' असतो, तो फार गोड बोलतो आणि काहीही करत नाही. मी पानभर लिहिलं की माझी आई अशी अशी आहे, आम्हाला मशीनची गरज अशी अशी आहे. उत्तर आलं, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपण समाधान नोंदवले असल्याने ही तक्रार बंद करण्यात येत आहे. आपण या उत्तराने समाधानी आहात का?' खाली पुन्हा बटण. या खेपेला हात मागे घेतला.

मी आणखी एक तक्रार टाकली, तीही बंद झाली. तिसरी टाकायला गेले तर 'एकाच विषयावर वारंवार तक्रार केल्यास खाते गोठवले जाईल' असं आलं. म्हणजे ज्याचं नुकसान त्यालाच दम.

रागाच्या भरात मी घरच्या मालाला वाट्टेल ते लिहिलं. चोर, भामटा, आणि आणखी काय काय.  मग त्याचं उत्तर आलं, 'ते माझ्या आईचं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत चालत होतं. म्हणून तसं लिहिलं.' त्यावर मी काय लिहावं? मी लिहिलं, 'विकताना सगळ्यांच्या आया मरतात.' लिहून गेले आणि पाठवूनही गेले. आईसमोर बसून पाठवलं. तिला वाचता आलं नाही ते बरं झालं.

तो चिडला नाही. त्याने विचारलं, 'मी काय करू म्हणजे तुमचं काम होईल?' मी सरळ हुकूम सोडला. म्हटलं, कंपनीला लिहा. वापरणारी व्यक्ती कोण होती, तिचं काय झालं, लायसन्स आता कोणाच्या नावावर करायचं, सगळं व्यवस्थित लिहा, कागदपत्रं जोडा. एवढं तरी करा. तो म्हणाला, 'मला असलं लिहिता येत नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो.' मग मी त्याला मजकूर सांगितला, शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या तसा. तो म्हणाला, बरं.

बघू. मला वाटतं होईल. कंपनी म्हणजे शेवटी माणसंच.

आईने आज चार्टवर विचारलं, 'कधी?' मी म्हटलं, कागदपत्रं गेलीत.  आजारी माणसाला कागदपत्रं गेलीत म्हणून सांगू नये, त्याने त्याला काही होत नाही.

धाकटी


१६ जून

ताई,

घरात बाई आली आहे. घाबरू नकोस, सांगते.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कंपनीच्या हेल्पलाइनवर होते. तिथल्या मुलीने मला कितव्यांदा तरी थांबायला सांगितलं, आणि माझा आवाज चढला. तुला माझा चढलेला आवाज आठवत असेल. मशीन आईसमोर सुरूच होतं, मी बंद करत नाही, तिला तो उजेड बरा वाटतो. मी ओरडतेय, ओरडतेय, आणि एकदम मागून एका बाईचा आवाज आला. खणखणीत.

'मी बहिरी नाही. हळू बोला.'

 मागे वळले तर खोलीत कोणी नाही. दिवसा सांभाळायला येतात त्या मावशी केव्हाच गेल्या होत्या. आई एकटी, आणि तिचे डोळे हसत होते. ताई, किती दिवसांनी.

झालं होतं असं. नवीन माणसाला ते मशीन कुलूप लावून बसलं होतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन होता, 'आधीचं पान'. माझं तिकडे लक्षच नव्हतं. आईला दुसरं काय काम, तिने टक लावली आणि ते उघडलं. त्या पानावर आधीच्या बाईने स्वतःसाठी करून ठेवलेली वाक्यं आहेत, प्रत्येकाचा एक चौकोन. आवाजही तिचाच आहे. कंपनीचा यांत्रिक नव्हे, खरा. स्वतःचा आवाज जायच्या आधी तिने बसून एकेक वाक्य बोलून भरून ठेवलं असणार. चौकोनाकडे बघायचं, की ती बोलते.

पहिल्या दिवशी आईने सगळी वाक्यं ओळीने बोलून घेतली. 'उशी वर कर.' 'पंखा कमी.' 'पाणी नको, नुसते ओठ ओले कर.' 'टीव्ही बदल.' 'तो शर्ट नको घालूस.' 'मला राग आलाय.' 'आता सगळे बाहेर जा.' 'बाळू, जेवलास का?' आणि एक नुसतंच 'छान!' ते 'छान' ती बाई इतकं ठसक्यात म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण आयुष्यात काहीतरी केलं.

आता घरात माझं नाव बाळू आहे. कामावर जायला युनिफॉर्म घातला की मागून हुकूम येतो, 'तो शर्ट नको घालूस.' डॉक्टर आले आणि आजाऱ्याशी बोलतात तसं मोठमोठ्याने बोलायला लागले, तर त्यांना 'मी बहिरी नाही' मिळालं. डॉक्टर ओशाळले, मावशी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. आपली आई परत आली, ताई. आवाज परका, पण टोमणा तिचाच.

तू विचारायच्या आधीच सांगते. मी सगळे चौकोन दोनदोनदा पाहिले. 'ये' नाही.

मग मी घरच्या मालाला लिहिलं, 'बाळू तुम्हीच का?' त्याचं उत्तर आलं नाही. रविवारी पार्सलवरच्या पत्त्यावरून तो स्वतःच दारात उभा. चांगला दांडगा माणूस, पन्नाशीचा, पाण्याच्या मीटरची रीडिंग घेत फिरतो म्हणून रापलेला. 'मी तो... घरचा माल,' म्हणाला. मला हसू आलं, आणि त्याला चोर म्हटलं होतं ते आठवून लगेच जिरलंही.

मी त्याला आत आणलं. आईला आधी काही सांगितलं नव्हतं, पण तिला काय कळायचं ते कळलं. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पडद्याकडे.

'बाळू, जेवलास का?'

'हो गं,' तो म्हणाला. पटकन, सवयीने. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. मी खुर्ची दिली. तो बसला नाही, नुसता तिची पाठ धरून राहिला.

त्याला वाटलं होतं की त्यातलं सगळं पुसलं गेलंय. आई गेल्यावर त्याने मशीन एकदाही सुरू केलं नव्हतं, धीरच झाला नाही. 'चालू स्थितीत' लिहिलं ते त्या शेवटच्या दिवसाच्या हिशोबाने. आणि आता त्याने काय म्हणावं? 'पैसे सगळे परत करतो. वर काही पाहिजे तर तेही देतो. मशीन द्या.'

ज्यासाठी मी साइटशी भांडले, मदतनिसाशी भांडले, त्याला नाही नाही ते बोलले, ते तो आपणहून द्यायला आला होता. आणि मी म्हटलं, नाही. देणार नाही. तो म्हणाला, 'ताई, ती माझी आई आहे.' मी म्हटलं, 'आणि ही माझी.'  दोघांचंही खरं होतं. दोघांपैकी कोणाला खोटं पाडावं हे तिसऱ्या कोणाला सांगता आलं नसतं, आणि तिसरी होती ती आई.

आईने पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा सगळी वाक्यं म्हणून दाखवली, सावकाश, एकेक. त्याच्यासाठी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तिच्या, टक लावून लावून, तरी थांबली नाही. त्याने मोबाईल पुढे धरून सगळं भरून घेतलं. त्यानंतर त्याने मशीन मागितलं नाही.

जाताना मी विचारलं, 'इतकं सगळं भरलं त्यांनी, मग साधं 'ये' कसं नाही?' तो म्हणाला, 'तिला कधी लागलंच नाही. मी घरातच असायचो. तिने 'पंखा' म्हटलं तरी मी यायचोच की.'

मग दारातून वळून म्हणाला, 'तुम्ही सांगितलं तसं कंपनीला लिहिलंय. आईचा मृत्यूचा दाखलाही जोडला.' मी म्हटलं, बरं झालं, लागलीच काम हातावेगळं केलंत.

धाकटी


२१ जून

ताई,

कंपनीचं उत्तर आलं. त्याला आलं, त्याने मला पाठवलं. खाली त्याने फक्त 'माझं चुकलं का?' एवढं लिहिलंय.

कंपनी लिहिते की आपल्या आईंच्या निधनाचं कळून वाईट वाटलं. नियमाप्रमाणे मृत व्यक्तीचं लायसन्स कोणाच्याही नावावर करता येत नाही. आपण वेळेवर कळवल्याबद्दल आभार. त्यांचं खातं ३० जूनला बंद करण्यात येईल आणि त्यातला मजकूर काढून टाकला जाईल.

इतके दिवस ते मशीन चालत होतं, कारण ती बाई गेली हे कंपनीला माहीतच नव्हतं. माहीत कोणी करून दिलं? त्या बिचाऱ्याने. आणि त्याच्याकडून शुद्धलेखन कोणी लिहवून घेतलं? हे असं आहे, ताई. आमच्याकडे चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पाकीट परत मागवता येतं. हे नाही येत. मी कंपनीला फोन केला, म्हटलं, चूक झाली, ती बाई जिवंत आहे असं समजा. तिकडची मुलगी म्हणाली, 'मॅडम, दाखला जोडलेला आहे.'

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मशीन घेऊन गेले. त्याने मागून पुढून बघितलं. हे दर खेपेला सुरू होताना कंपनीला विचारतं म्हणे, उघडू का. नेट काढून टाकलं तर उघडतच नाही. त्याने काही जमतंय का म्हणून अख्खी दुपार घातली आणि पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले नाहीत तेव्हाच मी समजले.

बाळूने वाक्यं मोबाईलमध्ये भरून नेली आहेत, ती मलाही पाठवली. तू म्हणशील, मग अडलं कुठे, तीच वाजवा. ताई, त्याला आवाज हवा होता, तो त्याला मिळाला. आईला बोलायचंय. मोबाईलवरचं वाक्य मी निवडणार, मी वाजवणार. मग ते माझंच झालं की. हेच तर तू म्हणाली होतीस.

आज मात्र मागते. ३० तारखेला संध्याकाळी सात वाजता तू फोन कर. आमचा तू उचलत नाहीस, म्हणून तूच कर. मी फोन मशीनजवळ ठेवेन आणि खोलीतून बाहेर जाईन, दार ओढून घेईन, हवं तर मावशींच्या घरी जाऊन बसेन. 'ये' नाहीय, तुला फसवत नाही. जी आहेत त्यांतलं काय ती निवडेल मला माहीत नाही. कदाचित तुला 'उशी वर कर' म्हणेल. पण निवडेल ती. मी नाही. एवढं तू मागितलं होतंस, त्यातलं जितकं माझ्या हातात आहे तितकं देते.

आईला सांगितलंय, ताईचा फोन येणार. सांगायला नको होतं, पण सांगून बसले. ती 'छान' म्हणाली नाही. 'आता सगळे बाहेर जा' म्हणाली. मी बाहेर आले. आतून बराच वेळ त्या बाईचा आवाज येत होता, तेच तेच, पुन्हा पुन्हा. तालीम करत होती, ताई.

तुझी,
धाकटी


१ जुलै

ताई,

हे पाकीट तू घेशील की परत पाठवशील माहीत नाही. घेतलंस तर शेवटपर्यंत वाच.

काल मी सुट्टी घेतली होती. आईला नाहायला घातलं, केस विंचरले, तिने डोळ्यांनी दाखवली ती साडी नेसवली. फोनवर काही दिसणार नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. दुपारी ती मावशींना 'पंखा कमी' सांगत होती आणि ते 'पंखा' वरच थांबलं. पडद्यावर आलं, 'हे खाते बंद करण्यात आले आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' ३० तारीख म्हणजे त्यांची ३० तारीख. परदेशातल्या त्यांच्या गावात आपल्या दुपारी रात्रीचे बारा वाजले आणि ती तारीख लागली. हे मला सुचायला हवं होतं, मी दिवसभर देशोदेशीची पाकिटं पाठवणारी बाई. सुचलं नाही.

मी तुला लगेच फोन लावला, लावतच राहिले. तू उचलला नाहीस. तू तरी का उचलशील, मीच लिहिलं होतं की आमचा तू उचलत नाहीस, तूच कर.

आणि सातला तू केलास. तू केलास, ताई! घड्याळ लावून बसली होतीस का? नमस्कार नाही, चमत्कार नाही, 'दे तिला,' म्हणालीस. तुझा आवाज बसलेला वाटला. मी म्हटलं, 'मशीन दुपारीच बंद झालं.' मला वाटलं, आता तू ठेवशील. मग म्हणालीस, 'मग आता ती काय म्हणतेय?'

मला विचारलंस. तू, मला.

मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. पडदा काळा, पण तिचे डोळे एका जागी लागले होते, खाली उजवीकडे. तिथे 'मला राग आलाय' होतं.

आता एक सांगते. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं, आणि नेमकं तेच लिहायला हवं होतं. ते वाक्य ती रागावल्यावर म्हणायची नाही. सकाळी मी कामाला निघाले की म्हणायची. मावशी संध्याकाळी चप्पल घालायला लागल्या की म्हणायची. बाळू त्या रविवारी निघाला तेव्हा त्यालाही म्हणाली. कोणी जायला निघालं की तेच. आहे त्या वाक्यांत 'जाऊ नकोस' म्हणायला तिला दुसरं काही सापडलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की तुला ते ठाऊक नाही हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

आणि मी ठरवलं होतं की या खेपेला काडीचं पदरचं घालणार नाही. जे आहे ते सांगायचं, कानामात्रेचा फरक करायचा नाही. म्हणून मी म्हटलं, 'राग आलाय म्हणतेय.' आणि पुढे सांगायला तोंड उघडलं, की ताई, तसा राग नव्हे.

तू म्हणालीस, 'हे ती म्हणतेय की तू?' आणि फोन ठेवलास.

मी परत लावला. तू बंद करून ठेवला होतास.

फोन स्पीकरवर होता. आईने सगळं ऐकलं. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, खिडकीची कडी उगीच लावली, काढली. मागे वळले तर ती टेबलाखाली ठेवलेल्या चार्टकडे बघत होती. कितीतरी दिवसांत तो काढला नव्हता, पुसूनच घ्यावा लागला. मी पलीकडे बसले. ती अक्षरं दाखवत गेली, मी वाचत गेले. दमली होती, मध्येच डोळे मिटायची, मला वाटायचं झालं, आणि पुन्हा उघडायची.

'पदरचं का नाही घातलंस?'

असं विचारलं तिने मला. आयुष्यभर त्यावरून बोलणी खाल्ली मी तिची. मला हसू आलं आणि मग नाही आवरलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिला हात उचलता येत नाही. तिने मला रडू दिलं.

मग मी विचारलं, 'काय घालायचं होतं?'

तिने 'य' दाखवला. मग मात्रा.

मी वाचलं. तिने पापणी मिटली. मी विचारलं, 'ताईला?' तिने पुन्हा मिटली. मी तिसऱ्यांदा विचारलं, 'आई, हे तू म्हणतेयस ना? मी नाही ना?' तेव्हा तिने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत, झोप लागली होती.

तर आई म्हणाली, ताई. स्वतः म्हणाली, मी विचारायच्या आधी चार्ट तिने मागितला. मी एक अक्षर घातलेलं नाही. मावशी गेल्या होत्या, मशीन बंद होतं, खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि हे तुला सांगायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

धाकटी